तिसऱ्या घंटीआधी उचलू नये

सन एकोणीसशे त्र्याऐंशी, फेब्रुवारी महिना. सकाळी स्वेटर लागायचा आणि दुपारी घाम फुटायचा, असे दिवस. त्या दिवसांत एका लाइनमनने मला पिशवीतून काढलं आणि एका घरातल्या लाकडी स्टुलावर ठेवलं. मी बोलतोय. फोन. काळा, जड, गोल डायलचा. आजवर दुसऱ्यांचं बोलणं वाहिलं, आज स्वतःचं बोलतो. फार लांबवणार नाही. लांबवलेलं आमच्या घरात चालत नाही.

शिक्षण विचाराल तर एक ते नऊ आणि वर एक शून्य. तेवढ्यावर सगळं निभावलं. पुढे बाजारात चित्रं दाखवणारे, गाणी म्हणणारे फोन आले. माझ्याकडे तसलं काही नव्हतं. माझ्या पोटात दोन पितळी वाट्या आणि मध्ये एक छोटा हातोडा. कारखान्यातल्या बाईने त्या बसवल्या, एकदा वाजवून पाहिल्या, ‘खणखणीत आहे’ म्हणाली आणि पुढच्या फोनकडे वळली. आयुष्यात माझं तोंडावर झालेलं कौतुक ते एवढंच.

मी ज्या घरात आलो ते पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाचं. पण कागदावर नाव त्याचं नव्हतं. नाव त्याच्या थोरल्या बहिणीचं, अक्कांचं. अक्कांचे यजमान मालवाहू जहाजावर कामाला. लांबून त्यांचा आवाज तरी ऐकू यावा म्हणून अक्कांनी फोनसाठी नाव नोंदवलं. तेव्हा फोन मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागे. नंबर लागला तोपर्यंत जहाज परत आलं होतं, यजमान आले नव्हते.

लाइनमन अक्कांच्या दारात उभा राहिला तेव्हा त्या म्हणाल्या, “आता मला कुणाचा फोन यायचाय? माझ्या भावाकडे लावा. लोकांचे पंप बंद पडतात आणि लोक ह्याला गावभर हुडकत फिरतात.”

मालक, म्हणजे तो भाऊ, त्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मग म्हणाले, “अक्का, हे मी फेडीन.”

“फेड की. घाई कुठाय?”

तेव्हापासून अक्का घरात पाऊल टाकायच्या ते एकच विचारत, “बारक्या, माझा फोन बरा आहे ना?” बारक्या म्हणजे मालक. वजन माझ्यासारखंच जड, मिशा पांढऱ्या झाल्या, तरी बारक्याच. त्या नावाने त्यांना हाक मारणारं जगात एकच माणूस होतं आणि त्यांना ते मुळीच आवडत नसे. फोन बरा आहे का, ह्या प्रश्नावर मात्र ते दर वेळी खाली मान घालत. त्यातली थट्टा त्यांना कळायची. देणंही कळायचं.

माणसांबद्दल दोन गोष्टी सांगतो. फोनवर ‘हो’ म्हणताना माणूस मान हलवतो. पलीकडच्याला मान दिसत नाही हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. रस्ता सांगताना डावा हात डावीकडे, उजवा उजवीकडे. आमचे मालक तर पंपाचा नट कसा फिरवायचा ते हवेत फिरवून दाखवत. आणि ‘निघालोच बघा’ हे वाक्य माझ्यातून जेवढ्यांनी म्हटलं, तेवढे सगळे त्या वेळी टॉवेलवर होते. मी कधी कुणाचं नाव फोडलं नाही.

अक्का शाळेत शिपाई होत्या. त्यांचं खरं काम घंटा देण्याचं. एक टोला म्हणजे तास संपला. दोन टोले म्हणजे काहीतरी घडलंय, सगळ्यांनी बाहेर या. उभी हयात त्यांनी पोरांना टोल्यांवर चालवलं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या घरीही एक फोन आला, बोळातल्या भिंतीवर ठोकलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी भावाला नियम घालून दिला.

“रोज सकाळी मी एक घंटी देऊन ठेवून देईन. एक म्हणजे मी उठले, ठीक आहे. तू उलट एक द्यायचीस, म्हणजे कळलं. दोन दिल्या तर हातातलं टाकून यायचं.”

“आणि तीन?”

“तीन परक्यांच्या. परक्यांशी बोलावं लागतं.”

घंटी फुकट, बोलणं पैशाचं. मालकांना हिशेब पटला. शिवाय दोघं बोलायला लागली की पाचव्या वाक्याला भांडत. घंटीवर भांडता येत नाही. त्यामुळे बहीण-भावाची माया माझ्या पोटातल्या दोन वाट्यांत सुखाने नांदली.

घराला मात्र शिस्त लागली. तिसऱ्या घंटीआधी मला कुणी हात लावायचा नाही. गिऱ्हाइकं वैतागत. “तुमच्याकडे फोन उचलायला मुहूर्त बघतात का हो?” सूनबाई लग्न होऊन आल्या त्या दातांच्या दवाखान्यात फोनवर बसणाऱ्या. फोन वाजला की उचलायचा, हे त्यांच्या हातात भिनलेलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पहिल्या घंटीला मला उचललं आणि गोड आवाजात ‘नमस्कार’ म्हणाल्या. पलीकडून अक्का ओरडल्या, “अगं ठेव! पैसे पडले!” आणि इकडून मालक ओरडले, “ठेवा! पैसे पडले!” सूनबाई घाबरून दोन्हीकडे बघत राहिल्या. नंतर चिरंजीवांना म्हणाल्या, “अहो, तुमच्या घरी फोन ऐकायचा असतो, उचलायचा नसतो, हे आधी सांगायचं होतं.”

दिवस गेले. मालकांनी पंपाची कामं कमी केली, पण नंबर तोच. घरातल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला, मालकांच्या आला नाही. “खिशात घंटा बांधून हिंडायला मी काय बैल आहे?” हे त्यांचं उत्तर. त्यांचा एक कान मंदावला होता. साऱ्या घरात त्यांना ऐकू यायची ती फक्त माझी घंटी. मला त्याचा थोडा गर्व होता. कशाला लपवू?

मग दोन हजार अकरा सालच्या उन्हाळ्यात चिरंजीवांनी बिल टेबलावर ठेवलं.

“बाबा, ह्यापेक्षा कितीतरी स्वस्तात इंटरनेटवरचा फोन मिळतो. नंबर तोच राहतो. बोलणं जवळजवळ फुकट. अक्काआत्याशी तासभर बोला.”

“फुकट आहे म्हणून काय बोलायचं?”

पण बिल त्यांनाही बोचत होतं. कबूल झाले. अडचण एवढीच की कागदावर नाव अक्कांचं, म्हणून सही त्यांची हवी. अक्का आल्या, चष्मा लावला, सही केली आणि म्हणाल्या, “माझा फोन विकतोयस होय रे, बारक्या?”

“विकत नाही. वायर बदलतोय.”

“वायर बदलतोय म्हणे. विचारायचंस तरी आधी. आता नुसता अंगठा मागायला बोलावलंस.”

हसतच म्हणाल्या त्या. पण मालकांचा चेहरा पडला. त्यांना ते हसणं लागलं. ज्याचं फेडायचं राहिलंय ते माणूस असंच असतं, थट्टासुद्धा तगाद्यासारखी ऐकू येते.

मग डबा आला. पुस्तकाएवढा, पांढरा, अंगावर हिरवे दिवे. तो बसवायला आलेल्या माणसाने माझी जुनी वायर भिंतीतून काढली आणि डब्याच्या पाठीत खोचली. इतकी वर्षं मी भिंतीशी बांधलेला होतो. आता ह्या मिचमिच्या डोळ्यांच्या पोराच्या हाताखाली आलो. माणसाने माझं डायल फिरवून पाहिलं. काहीच झालं नाही.

“ह्या फोनची डायलची भाषा डब्याला कळत नाही, आजोबा. घंटी येईल, बोलता येईल. लावता मात्र येणार नाही.”

“म्हणजे कान आहेत, तोंड आहे, बोटं गेली,” मालक म्हणाले.

म्हणून चिरंजीवांनी माझ्याशेजारी एक बटणांचा फोन आणून ठेवला. हलका इतका की रिसीव्हर उचलला की सगळाच उचलला जायचा. त्याची घंटी म्हणजे चिमणीला ठसका लागावा तशी. लावायला तो, वाजायला मी, अशी वाटणी झाली. आम्ही एकमेकांशी बोलत नसू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक नेहमीसारखे चहा घेऊन माझ्यासमोर बसले. मी वाजलो नाही. चहा संपला. पेपर संपला. पेपरातल्या जाहिरातीही संपल्या. मी आपला गप्प. मला डबा सांगेल तेव्हा वाजायचं, एवढंच आता माझ्या हाती होतं.

“आत्यांना तुम्हीच लावा ना,” सूनबाई म्हणाल्या.

“पहिली घंटी थोरल्याची. तसं ठरलंय.”

तिसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा मालक पिशवी घेऊन ‘बाजारात जातो’ म्हणून गेले आणि दोन तासांनी रिकामी पिशवी घेऊन आले. चपला काढता काढता पुटपुटले, “ठणठणीत आहे. चादरी झटकतेय गॅलरीत. रुसलीय. सहीचा राग धरलाय.”

“कोण झटकतंय?” सूनबाईंनी विचारलं.

“बाजारात एक बाई,” मालक म्हणाले आणि आत गेले.

मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांचा धागा एका वायरीपायी तुटला. तिकडे बहीण रुसलेली, इकडे भाऊ ताठलेला, आणि मध्ये मी, ज्याच्या पोटात खणखणीत घंटी असून उपयोग नाही. त्या दिवसांत मालकांनी माझ्यावर धूळ बसली तरी पुसली नाही. एकदा नुसता रिसीव्हर उचलून कानाला लावला, आवाज आहे का पाहिलं, आणि ठेवून दिला.

असे काही दिवस गेले. मग एका सकाळी डब्याने माझ्या पोटात कळ लावली आणि मी वाजलो. एकदा. आणि थांबलो.

मालकांच्या हातातला चहा बशीत सांडला. “वाजली! एकच वाजली ना?”

“एकच,” सूनबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांना सुट्टी होती.

“गेला राग. मला माहीत होतं, किती दिवस रुसेल?” असं म्हणून त्यांनी बटणवाल्यावरून उलट एक घंटी दिली. कळलं, म्हणून. मग सूनबाईंकडे दुसरा चहा मागितला, त्यात साखर जास्त मागितली, आणि पेपर वाचताना कधी नव्हे ते गुणगुणले. सूर नव्हता. पण मी तरी कुठला सुरांचा जाणकार?

तासाभराने मी पुन्हा एकदा वाजलो. पुन्हा एकच.

“आज दोनदा! म्हातारीला पस्तावा झालाय,” मालक खुशीत म्हणाले आणि पुन्हा उलट घंटी दिली.

सूनबाई भाजी चिरत होत्या. त्यांची सुरी थांबली. “बाबा, आत्या एक घंटी दोनदा कशाला देतील? एकदा उठल्या. परत कशा उठतील?”

“झोपली असेल पुन्हा.”

“आत्या? सकाळी?”

दिवसभर फोन घेण्यात ज्यांचं आयुष्य जातं त्यांना घंटीचा वास येतो. सूनबाईंनी हात पुसले, मोबाईल घेतला, कानाला लावला आणि घरचाच नंबर फिरवला. आम्ही तिघं, म्हणजे त्या, मालक आणि मी, एकमेकांसमोर.

“वाजतोय,” सूनबाई म्हणाल्या.

“कुठे वाजतोय? काही ऐकू येत नाही.”

“माझ्या कानात वाजली एक. तुमच्याकडे?”

“गप्प आहे.”

“आता दुसरी.”

आणि तेव्हा मी वाजलो. खणखणीत. पहिल्यांदा.

सूनबाईंनी मोबाईल खाली घेतला. “बाबा, हा डबा पहिली घंटी गिळतो. आत्यांनी रोज एक दिली, ती ह्याने खाल्ली. आज एक वाजली, म्हणजे...”

“म्हणजे दोन दिल्या,” मालक म्हणाले. “दोनदा दोन. आणि मी म्हटलं, कळलं.”

त्यांचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. सुनेच्या स्कूटरवर मागे बसणार नाही, हा त्यांचा बाणा. त्या दिवशी चपला न घालता बसले. दार उघडंच राहिलं. मी आणि बटणवाला घरात. त्या दिवसापासून मी त्याच्यावर डूख धरणं सोडलं.

पुढचं मी पाहिलं नाही. पण अक्कांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की पाहिल्यासारखंच.

अक्का सकाळी न्हाणीघरात घसरल्या होत्या. पाय घोट्यापाशी मोडला. शेजारपाजार कामावर गेलेला. भिंत धरून, एका पायावर, कळा सोसत त्या बोळातल्या फोनपर्यंत गेल्या आणि दोन घंट्या दिल्या. उलट घंटी आली. कळलं. म्हणून त्या तिथेच जमिनीवर बसून भावाची वाट बघत राहिल्या. तास गेला, भाऊ आला नाही. पुन्हा भिंत धरून उठल्या, पुन्हा दोन दिल्या. पुन्हा कळलं. पुन्हा कुणी नाही.

सूनबाईंकडे दुसरी किल्ली होती. दार उघडलं तेव्हा अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, चेहरा पांढराफटक, पण जीभ शाबूत.

“ये, बारक्या. कळलं, कळलं, म्हणून कळवत होतास. काय कळलं होतं रे तुला?”

मालक खाली बसले. म्हणाले, “डबा. डबा एक घंटी कापून घेतो, अक्का.”

“म्हणजे दलाल ठेवलायस तू मध्ये.”

“अगं पण तू तिसरी होऊ द्यायचीस ना! मी उचलला असता, बोलली असतीस!”

“तिसरी परक्यांची,” अक्का म्हणाल्या. “मी काय परकी?”

मालकांनी बहिणीचा पाय मांडीवर घेतला आणि सूनबाई गाडी बोलवायला खाली गेल्या.

प्लास्टर पडलं. डॉक्टरांनी पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलं. ‘आमच्याकडे चला’ म्हणून सगळ्यांनी विनवलं. अक्का म्हणाल्या, “माझी भांडी, माझी गॅलरी, माझं घर. पाय मोडलाय, डोकं नाही.” दिवसा कामाला बाई येईल, सूनबाई येऊन जातील, ते ठरलं. पण बाकीच्या वेळेचं काय? फोन बोळात भिंतीवर, अक्का खाटेवर. पुन्हा काही झालं तर त्यांचा हात फोनपर्यंत पोचणार कसा? चिरंजीवांनी मोबाईल पुढे केला. अक्कांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि परत दिला. “ह्याला घंटी कुठे आहे? नुसता थरथरतोय. घाबरलाय का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी मला डब्यातून उपटलं. ओल्या फडक्याने पुसलं. डायलच्या भोकांतली धूळसुद्धा काडीने काढली. मग पिशवीत घातलं. लाइनमनच्या पिशवीनंतर माझा हा दुसराच प्रवास.

“बाबा, हा नेलात तर तुम्हाला घंटी ऐकू कशी यायची?” सूनबाईंनी विचारलं. “ह्या बटणवाल्याची तुम्हाला येत नाही.”

“जवळ बसेन.”

अक्कांकडे जुनीच वायर होती, भिंतीतली. मालकांनी हत्यारांची पेटी उघडली. बोळातल्या फोनपासून वायर काढली, दाराच्या चौकटीवरून फिरवली, खिळ्यांनी ठोकली, खाटेच्या उशापर्यंत आणली. पंपवाल्याचं काम, चांगलं झालं. अक्का खाटेवरून सूचना करत होत्या. “तो खिळा वाकडा गेला. भिंत माझी आहे, पंप नाही.”

“गप्प पड.”

“आणि मागे एकदा खाली दिव्याच्या खांबामागे काय करत होतास? खांब बारीक, तू जाड. सगळी गॅलरी हसत होती.”

“मी नव्हतो.”

“पिशवी घेऊन होतास. रिकामी.”

मालकांनी हातोडी जरा जोरातच मारली. मग मला पिशवीतून काढलं आणि उशाशी स्टुलावर ठेवलं. वायर जोडली. अक्कांनी हात लांब केला. पोचला. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि माझ्या डायलमध्ये बोट घातलं. डायल फिरलं, कर्रकर्र करत जागेवर आलं. भिंतीतल्या वायरीला माझी भाषा कळत होती. घरी नंबर लागला. अक्कांनी दोन घंट्या मोजल्या, एक स्वतःची आणि एक दलालाची, आणि ठेवून दिला. थोड्या वेळाने मी वाजलो. एकदा. सूनबाईंनी कळलं म्हणून सांगितलं होतं.

मी आता इथेच असतो. अक्का डावीकडे, मी उशाशी. धूळ बसत नाही, पदराने पुसला जातो. तुमच्याही घरी असा एखादा म्हातारा असेल, कपाटावर, वायर गुंडाळून ठेवलेला. नवं जरूर घ्या. स्वस्त असेल तर अवश्य घ्या. फक्त म्हाताऱ्याला उपटायच्या आधी घरातल्यांना विचारा, ह्याच्या घंटीवर कोण उठतं आणि कोण झोपतं.

तेवढंच. बाकी त्या दिवसाचं सांगून संपवतो. मालकांनी पेटी बंद केली, उभे राहिले, चपला घातल्या. दारापाशी थांबले. मान खाली नव्हती.

“तुझा फोन बरा आहे, अक्का.”

अक्कांनी माझ्यावर हात ठेवला.

“फिटलं रे, बारक्या.”